वाचकाची फिकीर करायलाच हवी

आमच्या चंदगड तालुक्यात नवोदित लेखकांची शिबिरं होतात, कॉलेजात व्याख्यानं होतात, आणि बाहेरून आलेले पाहुणे बहुतेक वेळा एकच उपदेश करून जातात: स्वतःसाठी लिहा, वाचक काय म्हणेल याची फिकीर करू नका. अलीकडच्या एका शिबिरात हेच पुन्हा ऐकलं. पाहुणे नावाजलेले होते, बोलत होते तेही तळमळीनं, आणि समोरची पोरंपोरी मान खाली घालून ते वाक्य वहीत उतरवून घेत होती. माझ्या मते ते वाक्य चुकीचं आहे. घरात पहिल्यांदाच कुणी लेखणी हातात धरलेल्या आमच्या मुलांसाठी तर ते घातक आहे. त्या दिवशी आभार मानायची घाई होती, बोलायला वेळ मिळाला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी पाहुण्यांची बाजू. त्यांचं म्हणणं असं की, वाचकाला काय रुचेल हा विचार एकदा डोक्यात शिरला की लेखक खरं लिहायला कचरतो. तो टाळ्यांच्या मागे लागतो. भावकी काय म्हणेल, जातवाले काय म्हणतील, सासरी कळलं तर काय होईल, म्हणून निम्मं गिळून टाकतो. त्यापेक्षा वाचक नाहीच असं धरून चालावं, म्हणजे लेखणी मोकळी होते.

यातला भीतीचा भाग सोळा आणे खरा आहे. आमच्याकडे तर फारच. गावं लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. एखाद्या मुलीनं कविता लिहिली तर ती चांगली की वाईट हे कुणी विचारत नाही, कुणावर लिहिली हे आधी विचारतात. हे सगळं मान्य. पण भीती घालवायची म्हणून वाचकालाच घालवून टाकायचं, हे मला कदापि मान्य नाही. आपल्या भाषेत जे खरोखर न भिता लिहून गेले, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्यांनी वाचकाकडे पाठ फिरवलेली दिसत नाही. उलट त्यांनी वाचकाला समोर बसवून त्याच्या तोंडावर सांगितलं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घ्या. 1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाई संतापल्या आणि 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आली. त्या काळात बाईनं असं लिहिणं म्हणजे सगळ्या समाजाला अंगावर घेणं. ‘वाचकाची फिकीर करू नका’ या उपदेशाला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही, असं वरवर वाटेल. पण पुस्तक उघडून बघा. पानापानावर ताराबाई पुरुषांना उद्देशून बोलतात, त्यांना प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं आधीच ओळखून खोडून काढतात. वाचणारा काय म्हणेल, कुठे नाक मुरडेल, कुठे पळवाट काढील, याचा जितका बारीक विचार त्या पुस्तकात आहे तितका त्या काळच्या फार थोड्या पुस्तकांत असेल. त्यांनी वाचकाची भीड ठेवली नाही, पण लक्ष एक क्षणभरही त्याच्यावरून हलवलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण पाहुण्यांची खरी ताकद तिथे आहे. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत मराठी वाचकाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता. पाहुणे म्हणतील, बघा, वाचकांनीच तिला गप्प केलं ना? केलं. पण ताराबाई स्वतःसाठी लिहीत असत्या तर काय वेगळं घडलं असतं? ते लिखाण घरातल्या पेटीत राहिलं असतं, आणि त्र्याण्णव वर्षांनी कुणाच्या हाती लागायला छापील प्रतच शिल्लक नसती. त्यांच्या हयातीतल्या वाचकांनी त्यांच्यावर अन्याय केला. पुढच्या पिढीतल्या वाचकांनी तो थोडाफार भरून काढला. दोन्ही वेळा वाचक होता म्हणूनच काही घडलं.

फुल्यांचं स्वतःचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 सालचा. हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि ठिकठिकाणी वाचून दाखवला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ‘दीनबंधू’ या वर्तमानपत्रानं सुरुवातीची प्रकरणं छापली आणि पुढची छापायला संपादक कचरले, फुले कचरले नाहीत. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला नाही की वाचक नाही तर मी आपला माझ्यासाठी लिहितो. त्यानं हस्तलिखित बगलेत मारलं आणि तो वाचकाच्या गावी गेला. दोनच वर्षांनी, 1885 मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं भरलेल्या मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण त्यांना आलं तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. त्या पत्राचा रोख सरळ होता. जे लोक बहुजनांचे मनुष्यपणाचे हक्क मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसत नाही.

त्या पत्रातली तक्रार आजच्या उपदेशालाही लागू पडते. पुण्यामुंबईतला लेखक जेव्हा म्हणतो की मी फक्त माझ्यासाठी लिहितो, तेव्हा ते खोटं नसतं. पण त्याला ते परवडतं. त्याच्या शाळेतली भाषा आणि छापील भाषा एकच आहे. त्याचे मित्र संपादक आहेत, शेजारी समीक्षक आहेत, दिवाळी अंकांचे फोन त्याला येतात. त्यानं वाचकाचा विचार केला नाही तरी वाचक त्याच्या भोवती आधीच बसलेला आहे. तो स्वतःशी बोलला तरी पाच हजार माणसांना ते आपलंच बोलणं वाटतं. चंदगडच्या मुलाचं तसं नाही. त्याच्या घरात बोलली जाते ती मराठी कानडी आणि कोकणी दोन्हींच्या संगतीनं वाढलेली. तिच्यातलं निम्मं छापील मराठीत सापडत नाही. त्याच्या ओळखीत एकही संपादक नाही. त्याला स्वतःसाठी लिही म्हणणं म्हणजे तू आहेस तिथेच बस म्हणणं आहे. पाहुण्यांचा तसा हेतू नव्हता, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. परिणाम मात्र तोच होतो.

बरं, चंदगडात येऊन हा उपदेश करताना आपण कुठे उभे आहोत याचं भान हवं होतं. तालुक्यातलंच कोवाड हे ताम्रपर्णीकाठचं गाव. रणजित देसाई तिथे 1928 साली जन्मले आणि पुढे नाव झाल्यावरही कोवाडशी बांधलेले राहिले. 1962 मध्ये ‘स्वामी’ ही कादंबरी आली, 1964 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1973 मध्ये पद्मश्री. आमच्या भागात आजही ‘स्वामी’ची प्रत वाचनालयाच्या कपाटात फार दिवस टिकून राहत नाही. पण मला सांगायचं आहे ते ‘श्रीमान योगी’बद्दल. शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहायची म्हणजे काय दिव्य असतं हे महाराष्ट्रात सांगायला नको. प्रत्येक वाचकाच्या मनात आधीच एक शिवाजी आहे. वाचकाची फिकीर करायची नाही असं ठरवायला यापेक्षा योग्य वेळ कुठली? देसाईंनी काय केलं? नांदेडच्या नरहर कुरुंदकरांशी त्यांनी या विषयावर चर्चा मांडली. कुरुंदकर वयानं त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, पण अत्यंत कडक डोक्याचे. भक्तिभावानं लिहिलेलं चरित्र त्यांना पटवून देणं कठीण होतं. त्यांनी लिहिलेलं प्रदीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. ते कौतुकाचं पत्र नाही. साधनं कशी तपासावीत, आख्यायिकेला किती किंमत द्यावी, महाराजांचं मोठेपण नेमकं कशात शोधावं, याची ती परखड चर्चा आहे. लेखक स्वतःच्या पुस्तकाच्या दारातच असा वाचक बसवतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की आधी याचं ऐका, मग माझं वाचा. ‘श्रीमान योगी’चं साहित्यिक मूल्य किती, यावर वाद घालायला मी तयार आहे, ऐतिहासिक कादंबरीबद्दल माझ्या स्वतःच्याही शंका आहेत. पण लेखकाचं धैर्य म्हणजे काय, हे मला त्या प्रस्तावनेतून जितकं कळतं तितकं एकांतवासाच्या गोष्टींतून कळत नाही.

एकांतवासाचा विषय निघाला की जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव येणारच. पाहुण्यांनीही घेतलं. बेळगाव आमच्यापासून जवळ, जन्म तिकडचा; आयुष्य धारवाडला इंग्रजी शिकवण्यात गेलं. सभासंमेलनं टाळली. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की हा माणूस कुणासाठी लिहीत नव्हता. मग त्यांच्या पत्रांचं काय करायचं? निवडक पत्रांचेच चार खंड आहेत. सुनीता देशपांडे, म. द. हातकणंगलेकर आणि आणखी कितीतरी जणांना त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. त्या पत्रांत पुस्तकं आहेत, चित्रं आहेत, माणसं आहेत, स्वतःच्या कथांविषयीचे खुलासे आणि नकारही आहेत. समोरचा माणूस कोण, त्याला काय कळतं आणि काय नाही, याची नेमकी जाण ठेवून लिहिलेली ती पत्रं आहेत. जी. ए. गर्दीपासून दूर राहिले, वाचकापासून नव्हे. त्यांच्या कितीतरी कथा आधी नियतकालिकांत आल्या, ‘सत्यकथे’त आल्या. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ओळन् ओळ तपासत, लेखकाशी पत्रापत्री करत, पटलं नाही तर परत पाठवत. स्वतःसाठी लिहिणारा माणूस धारवाडहून मुंबईला पाकीट कशाला पाठवील?

पाहुण्यांनी संतांचाही आधार घेतला. स्वान्तःसुखाय म्हणाले. तुलसीदासांनी तसं म्हटलं आहे हे खरं. पण संस्कृत येत असताना त्यांनी रामकथा अवधीत आणली ती कुणाच्या सुखासाठी? आपल्याकडे तर आणखी उघड आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची, नेवाशाची. तिच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागण्यापासून होते. ज्ञानदेव पुन्हा पुन्हा श्रोत्यांकडे वळतात, त्यांची क्षमा मागतात, लाडिकपणे त्यांच्याकडून लक्ष मागून घेतात. मराठीतला सगळ्यात आत्मनिष्ठ ग्रंथ, आणि तो ऐकणाऱ्याला सोडून एक पाऊल पुढे जात नाही. तुकोबांचे अभंग कीर्तनात उभे राहिले, मागे टाळकरी असताना. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्या तर नक्कीच स्वतःसाठी गात होत्या असं म्हणतात. जात्यावर बसलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत ते असं म्हणणार नाहीत. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्याला दोघींचा हात असतो. एकीनं ओवी टाकली की दुसरी ती उचलते, आणि तिला आवडली नाही तर उचलत नाही, नुसतं दळण चालू राहतं. मग ती ओवी पुन्हा कुणी म्हणत नाही. इतका तत्काळ आणि इतका निर्दय वाचक छापील कवीच्या वाट्याला कधी येत नाही.

मी हे पोटतिडकीनं लिहितो त्याला कारण आहे. मी तालुक्यातलं एक ड वर्गातलं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. दोन खोल्या, पावसाळ्यात भिंतींना ओल येते म्हणून कपाटं आत सरकवून ठेवायची, अनुदान यायचं तेव्हा यायचं. तिथे बसून मी वाचक पाहिलेला आहे. शिबिरातल्या भाषणांत ‘वाचक’ हा शब्द येतो तेव्हा एखादी बिनचेहऱ्याची झुंड डोळ्यापुढे येते, जिला खूश करायचं किंवा जिला लाथाडायचं. माझ्याकडे येणारा वाचक तसा नाही. भातलावणी उरकली की बाया पुस्तकं बदलायला येतात, पिशवीत दळणाची पावती आणि कादंबरी एकत्र. इथून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले पुष्कळ. 1982 च्या संपानंतर परत आलेले काही म्हातारे अजून आहेत. त्यांतले एक काका ओळीखाली बोट धरून वाचतात, सावकाश. एकदा त्यांनी गिरणीवरची एक कादंबरी चाळिसाव्या पानाच्या आसपास मिटून परत आणून दिली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “साच्याच्या खात्यात हे दोघं पानभर गप्पा मारत्यात. तिथं कानाला तोंड लावल्याबगार काय ऐकू येतंय व्हय? आमी व्हटांवरनं वळखायचो.” एवढंच. लेखकावर राग नाही, शेरा नाही. त्या लेखकानं आपल्याला समोर धरलं नव्हतं हे त्यांना कळलं आणि ते उठून गेले. त्या लेखकाला हे कधी समजणार नाही. त्याला समजायला हवं होतं, लिहीत असतानाच. हे पान मागावर राबलेला साचेवाला वाचणार आहे असं एकदा जरी मनात आलं असतं तर तो जाऊन विचारून आला असता.

वाचकाची फिकीर म्हणजे माझ्या लेखी हे. त्याला गोड लागेल ते लिहिणं मला अभिप्रेत नाही. त्याचा वेळ, त्याची अक्कल आणि त्याचं जगणं यांना किंमत आहे असं मानून कष्ट घेणं. कुठे आपण पाल्हाळ लावला, कुठे आपल्यालाच माहीत असलेली गोष्ट सांगायची राहिली, कुठे शब्द नुसते छान दिसतात म्हणून आले, हे स्वतःला कळत नाही. परक्या डोळ्यांनी पाहिल्यावरच कळतं. स्वतःसाठी लिहिणारा माणूस या कष्टातून सुटतो, आणि त्याला ते स्वातंत्र्य वाटतं.

याची दुसरी बाजूही मी रोज पाहतो. वाचनालयाला पुस्तकं भेट येतात. कवितासंग्रह, आत्मकथनं, बहुतेक लेखकानं पदरमोड करून छापलेली, काहींनी तर सोसायटीचं कर्ज काढून. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’, मनोगतात हमखास एक वाक्य: हे मी माझ्या समाधानासाठी लिहिलं. महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी विचारतो, कुणी नेलं का? मला त्याची कणव येते. त्याला वाचक हवा होता, सुरुवातीपासून हवा होता. पण हवा आहे असं कबूल करायची सोय त्याला कुणी ठेवली नाही. कबूल केलं असतं तर छापण्याआधी तो कुणाला तरी हस्तलिखित दाखवून बसला असता, तीस कविता काढून टाकल्या असत्या, उरलेल्या दहा कदाचित गावानं तोंडपाठ केल्या असत्या. त्याच्या पैशांची आणि उमेदीची जी नासाडी झाली तिला हा उपदेश थेट जबाबदार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन आक्षेप असे आहेत की ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही.

पहिला, झुंडीचा. आमच्याच जिल्ह्यातले, कागलचे आनंद यादव. ‘झोंबी’सारखं पुस्तक लिहिलेला माणूस. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’वरून 2009 मध्ये वादळ उठलं, पुस्तक मागे घ्यावं लागलं, महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. अशा वातावरणात मुलांना वाचकाचा विचार करा सांगणं म्हणजे त्यांना भित्रं करणं नाही का? मी म्हणतो, नाही. पुस्तक न वाचता अंगावर येणारा जमाव आणि पुस्तक हातात घेतलेला माणूस यांना एकाच नावानं हाक मारणं हीच मोठी चूक आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ती केली नाही. 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, पदरचे पैसे घालून, खटले अंगावर घेऊन. 1934 सालचा खटला कशावरून झाला? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले; खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. उत्तरं देणं थांबलं नाही. घाबरत घाबरत, लपवून पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांची फिकीर होती म्हणून हा माणूस जमावापुढे टिकून राहिला. स्वतःसाठीच लिहायचं असतं तर त्यांनी कधीच बस्तान गुंडाळलं असतं, आणि कुणी नावंही ठेवली नसती.

दुसरा आक्षेप बोलीचा, आणि तो मला जास्त जवळचा आहे. शिबिरात एका मुलीनं विचारलं होतं, आमच्या घरच्या भाषेत लिहिलं तर पुण्याच्या वाचकाला कळेल का? पाहुणे म्हणाले, कळो न कळो, तू तुझ्यासाठी लिही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच उठावंसं वाटलं. त्या मुलीला दुसरं उत्तर मिळायला हवं होतं: पुण्याचा वाचक हाच एकटा वाचक आहे असं तुला कुणी सांगितलं? तुझी आजी, तुझी मावशी, पारगडपासून शिनोळीपर्यंत तुझी भाषा बोलणारी सगळी माणसं, ही वाचक नाहीत का? त्यांच्यासाठी लिही. त्यांना खोटी वाटणार नाही अशी तुझी बोली लिही, कारण ती बरोबर आहे की चूक हे तेच सांगू शकतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तले शब्द विजय तेंडुलकरांना कळले नव्हते. प्रस्तावना लिहायची म्हणून ते गोलपिठ्याच्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरले, अर्थ विचारून घेतले, आणि जे कळलं नाही ते प्रस्तावनेत सरळ लिहिलं. ढसाळ आपल्या माणसांशी इतक्या जोरानं बोलत होते की बाहेरच्यालाही थांबून ऐकणं भाग पडलं. निपाणीचे महादेव मोरे आयुष्यभर पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया त्यांच्या पुस्तकांत आल्या त्या गिरणीच्या दारातून. ज्या माणसांवर लिहायचं ती माणसं दळण घेऊन समोर उभी असताना लेखकाला भलतंसलतं लिहून चालत नाही.

आणि सीमाभागात तर वाचक म्हणजे चैनीची गोष्टच नाही. आमच्या हद्दीला लागून कुद्रेमानी, पलीकडे उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कडोली. या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकरी वर्गणी काढून भरवतात. ग्रंथदिंडीला बाया डोक्यावर कलश घेऊन निघतात, सकाळी मांडवात बसलेली माणसं संध्याकाळच्या कविसंमेलनापर्यंत हलत नाहीत. ज्या कर्नाटक राज्यात त्यांच्या मुलांना मराठी शाळा टिकवण्यासाठी झगडावं लागतं, तिथली ही माणसं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून ‘मी तुमच्यासाठी लिहीत नाही’ असं म्हणायची हिंमत कुणी करील का? मला तर ते ऐकवणार नाही. भाषा बोलणाऱ्यांमुळे जगते हे खरं, पण लिहिलेली भाषा कुणीतरी ती वाचतो म्हणूनच उरते, आणि हे बेळगावच्या आसपास जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुण्यात दिसत नाही.

एक गोष्ट मी पाहुण्यांना मोकळ्या मनानं देतो. डायरी. रात्री सगळे झोपल्यावर, मन हलकं करायला, कुणाला दाखवायचं नाही अशा बोलीनं जे लिहिलं जातं ते खरोखर स्वतःसाठी असतं, आणि त्यात वाचकाला डोकवायचा काही अधिकार नाही. कच्चा खर्डाही तसाच. तो लिहिताना कुणी खांद्यावरून वाकून पाहू नये. शिबिरातल्या मुलींना तेवढी खोली मिळायलाच हवी, बऱ्याच जणींना घरात ती मिळत नाही. पाहुण्यांनी एवढंच सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण डायरीचा नियम त्यांनी कथेला लावला, कवितेला लावला, छापायच्या पुस्तकाला लावला.

त्या शिबिराला आलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, आणि त्या मुलीला विशेष करून. खर्डा एकट्यानं लिहा, हवा तितका वेळ घ्या. मग तो मोठ्यानं वाचून दाखवा, आधी घरातल्या अशा माणसाला ज्याला तुमचं कौतुक नाही, मग ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यासारख्या कुणाला तरी. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. लिहिलेलं घेऊन या. गिरणीवाले काका असतात, अंगणवाडीच्या बाई असतात, मी असतो. आम्ही शेवटपर्यंत वाचू. जिथे कंटाळा आला किंवा पटलं नाही त्या ओळीपाशी पेन्सिलनं खूण करून ठेवू, आणि का ते तुम्ही विचारलंत तर सांगू.